माझदा एमएक्स-५ रोजच्या वापराला घ्यायची असेल तर

स्पोर्ट्स कारचे रिव्ह्यू वाचले की सगळे वळणांबद्दल लिहितात, इंजिनच्या आवाजाबद्दल लिहितात, शून्य ते शंभर किती सेकंदात ते सांगतात. पण गाडी घरी आल्यावर माणूस ज्या गोष्टींनी खुश होतो किंवा वैतागतो त्या वेगळ्याच असतात, म्हणजे बेसमेंटच्या रॅम्पवर खालून घासते का, पावसात छपराच्या कडेने पाणी येतं का, टायर कधी बदलायचे, ऑफिसला पोचेपर्यंत पाठ धरते का, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय भरून येतो का. माझ्याकडे एमएक्स-५ आहे, माझदाची दोन सीटची, छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, चौथी पिढी, जिला सगळे एनडी म्हणतात ती, कापडी छप्पर, २.० लिटर इंजिन, १८४ पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), सहा गिअरची मॅन्युअल. ऑफिस, बाजार, डेंटिस्ट, एअरपोर्ट, सगळं हिच्यातच चालतं. घरात दुसरी मोठी गाडी आहे हे आधीच सांगते कारण त्याने सगळा हिशोबच बदलतो.

माझं मत असं की ही गाडी रोज चालवण्यासारखी आहे, आणि त्याचं कारण पॉवर नाही, वजन आहे. २.० लिटर, छप्पर कापडी, साधारण १०५० ते ११०० किलोच्या मधे कुठेतरी, व्हर्जनप्रमाणे थोडं इकडे तिकडे. आजकालच्या हॉट हॅच, म्हणजे ताकदवान इंजिनच्या हॅचबॅक, १४०० किलोच्या आसपास असतात, म्हणजे चारपाच जणांचं वजन कायम सोबत घेऊन फिरल्यासारखं. आधीची एनसी पिढी थोडी अंगाने भरली होती, एनडी करताना माझदाने १०० किलोच्या आसपास वजन उतरवलं आणि गाडी लांबीलाही कमी केली, ३९१५ मिमी, म्हणजे चार मीटरच्याही आत. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात पण टायर कमी झिजणं, ब्रेक पॅड जास्त टिकणं, पेट्रोल कमी लागणं, छोट्या जागेत पार्क होणं हे सगळं तिथूनच येतं, आणि चालवण्यातली मजा पण तिथूनच येते.

मजेबद्दल एकच मुद्दा लिहिते कारण बाकी सगळ्यांनी लिहून झालंय. हिचा दुसरा गिअर ७५०० आरपीएमच्या रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिन जास्तीत जास्त जेवढं फिरवायचं तिथपर्यंत, ताणला तरी साधारण १०० किमीच्या आसपास संपतो, पहिला तर ६० ला. म्हणजे हायवेला चढणाऱ्या रॅम्पवर तुम्ही पहिला, दुसरा पूर्ण वापरून तिसरा टाकू शकता आणि तरीही कायद्यात असता. चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीत हेच करायला गेलं तर तिसऱ्यात जायच्या आधीच लायसन्स धोक्यात. रोज वीस मिनिटांच्या प्रवासात गाडी पूर्ण वापरल्याचं समाधान मिळणं ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट आहे. शून्य ते शंभर ६.५ सेकंद, सिग्नलला शेजारची एखादी इलेक्ट्रिक हॅचबॅक सहज पुढे निघून जाते, ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी ही गाडी घेऊ नये, खरंच.

आता रोजचं. सकाळी गाडी काढली की पहिली सवय लावून घ्यायची ती ऑइलची. कूलंट गरम झालं म्हणजे इंजिन गरम झालं असं बहुतेकांना वाटतं, पण ऑइल कूलंटच्या बरंच मागून गरम होतं, थंडीत तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तोपर्यंत मी ३००० च्या वर जात नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत नाही, आणि त्याच वेळी अगदी कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये घुसमटवतही नाही. गिअरबॉक्सचं ऑइल पण तेव्हा थंडच असतं, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर जरा जड पडतो, तिथे जबरदस्ती करायची नाही, लिव्हरवर हलकासा दाब ठेवायचा, सिंक्रोला, म्हणजे गिअरचा वेग जुळवणाऱ्या भागाला, त्याचं काम करू द्यायचं, मग तो आपणहून आत जातो. गाडी तापली की हाच गिअरबॉक्स इतका छान होतो की मनगट हलवलं की गिअर पडला, लिव्हर छोटी, थ्रो छोटा आणि जागेवर बसल्याचं हाताला स्पष्ट कळतं. मला वाटतं आज विकत मिळणाऱ्या मॅन्युअल गाड्यांमध्ये याच्या तोडीचे गिअरबॉक्स फार थोडे उरलेत. सेकंडहँड बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा की सुरुवातीच्या, २०१६-१७ च्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या होत्या आणि तो पुढे सुधारला गेला, म्हणून त्या वर्षातली घेताना गिअरबॉक्स बदललाय का, सर्व्हिस रेकॉर्ड काय म्हणतो, हे आधी विचारा.

ज्यांचा रोजचा प्रवास अगदीच छोटा आहे, चार-पाच किमीचा, त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट. अशा वापरात ऑइल कधी नीट गरमच होत नाही, त्यात पेट्रोल आणि ओलावा मिसळत राहतो, आणि ते उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही. हे सगळ्याच पेट्रोल इंजिनांना लागू आहे पण डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना जास्त, आणि हिचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनच आहे. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी गाडीला जरा लांब फिरवून आणायचं, आणि ऑइल किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला बदलायचंच. ऑइल माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सांगितलंय, पण हे मार्केटप्रमाणे वेगळं असू शकतं म्हणून कोणाचं ऐकून घालू नका, आपलं मॅन्युअल उघडा.

टायरबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण स्पोर्टी गाडीचं निम्मं सुख टायरमध्ये असतं आणि लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. माझ्या गाडीला २०५/४५ आर१७ येतात. आजच्या काळात हा साइझ चक्क अरुंद वाटतो, हॉट हॅचला २३५ नि २४५ असतात, पण गाडी हलकी आहे त्यामुळे एवढंच पुरतं, आणि अरुंद टायरचा फायदा असा की पकड सुटायच्या आधी टायर बोलतो, स्टिअरिंग हलकं होतं, मागून एक बारीक सरक जाणवते, आणि हे सगळं अशा स्पीडला होतं जिथे अजून सावरायला वेळ असतो. आता प्रेशर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, माझ्यावर २९ पीएसआय लिहिलंय, पुढे मागे दोन्हीकडे, थंड टायरला. बहुतेक टायरवाल्यांना ३३-३५ ची सवय असते कारण बाकीच्या गाड्यांना तेवढंच लागतं. मी एकदा टायर बदलायला गेले होते तर २९ सांगूनसुद्धा त्यांनी सवयीने ३६ भरून दिली, आणि परत येताना गाडी अशी काही उड्या मारत होती, प्रत्येक खड्ड्यावर मागची बाजू हवेत, ब्रेक लावला की पुढचं चाक एबीएसमध्ये, की मला वाटलं सस्पेन्शनच गेलं. घरी येऊन गेज लावला आणि हवा काढली, पाच मिनिटांत गाडी पहिल्यासारखी. सात पीएसआयने एवढा फरक जड गाडीत पडत नाही, हलक्या गाडीत पडतो. त्यामुळे स्वतःचा एक चांगला प्रेशर गेज घेऊन ठेवा, महिन्यातून एकदा सकाळी गाडी न चालवता बघा, यापेक्षा स्वस्तात गाडी सुधारायचा दुसरा उपाय नाही.

दुसरं, टायरचं वय. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधीच म्हातारे होतात. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेला कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर आधी वाकून हे बघा, नक्षी भरपूर दिसेल, मालक "टायर नवेच आहेत" म्हणेल, आणि कोडवर सात-आठ वर्षांपूर्वीचं वर्ष निघेल. रबर कडक झालेलं असतं, कोरड्यात चालून जातं, ओल्यात अजिबात नाही. आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या हलक्या गाडीत ओल्या रस्त्यावर जुने टायर म्हणजे खरोखर धोका. जिथे कडक थंडी पडते तिथे ही गोष्ट पण लक्षात घ्या की समर टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात, बर्फ असो वा नसो, त्यामुळे हिवाळ्यात चालवायची असेल तर विंटर टायरचा वेगळा सेट हवाच. तो सेट असला की ही गाडी हिवाळ्यात छान चालते, लोक उगाच घाबरतात.

स्पेअर व्हील नाहीये. डिकीत एक सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. खिळा गेला तर चालतं, पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली तर सीलंट काही करू शकत नाही, आणि लो प्रोफाइल टायरला खड्ड्यात साइडवॉलच जाते. तर लांबच्या प्रवासाला निघताना रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये असू द्या, आणि सीलंटच्या बाटलीवर एक्सपायरी असते ती पण बघा, ती कोणीच बघत नाही.

खालून घासण्याची भीती सगळ्यांना असते. खरं सांगायचं तर एमएक्स-५ या बाबतीत दिसते त्यापेक्षा बरी आहे. व्हीलबेस २३१० मिमीचाच आहे त्यामुळे पोट सहसा लागत नाही, लागतं ते पुढचं ओठ, ते पण पार्किंगच्या सिमेंटच्या अडथळ्याला किंवा एकदम चढ असलेल्या रॅम्पला. रॅम्पवर जागा असेल तर तिरकी चढवायची, एक चाक आधी, आणि स्पीडब्रेकरवर ब्रेक ऐन वरती दाबून ठेवायचा नाही, आधी स्पीड कमी करायचा आणि वर जाताना ब्रेक सोडायचा, म्हणजे नाक वर उचललेलं असतं. स्टॉक उंचीला एवढं पुरतं. लोक घेतल्या घेतल्या लोअरिंग स्प्रिंग्ज, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग्ज, लावतात, चाक आणि फेंडरमधली ती मोठी फट मला पण खुपते, फोटोत तर फारच, पण रोज चालवायची असेल तर मी सांगेन की निदान पहिलं वर्ष तशीच वापरा. गाडी वळणात थोडी झुकते, तो झुकाव मुद्दाम ठेवलेला आहे, त्यामुळेच खराब रस्त्यावर ती सुसह्य राहते. आणि जे काही लावाल ते इन्शुरन्सला कळवा. क्लेमच्या वेळी त्यांच्या माणसाला न सांगितलेले स्प्रिंग्ज किंवा सायलेन्सर दिसले तर भांडत बसायला लागतं आणि त्या भांडणात आपली बाजू लंगडी असते.

सायलेन्सरवरून आठवलं. सहाव्या गिअरला १०० च्या स्पीडला इंजिन साधारण २५०० वर फिरतं, १२० ला ३००० च्या जवळ. आणि बाहेरचे बरेचसे मोठ्या आवाजाचे एक्झॉस्ट नेमके याच पट्ट्यात घुमतात, डोकं धरायला लावणारा एकसुरी घूं आवाज. पार्किंगमध्ये रेव्ह करून ऐकलं की भारी वाटतो, हायवेवर तासभर बसलं की नको होतो. ज्याच्या गाडीला लावलाय त्याच्या शेजारी बसून हायवेवर एक चक्कर मारा मगच पैसे घाला. शिवाय सकाळी सहाला गाडी काढणारे असाल तर शेजाऱ्यांचाही विचार करा, छोट्या आवाजाच्या गाडीवर लोक प्रेम करतात, मोठ्या आवाजाच्या गाडीवर तक्रार करतात.

छप्पर. हे माझं सगळ्यात आवडतं. कापडी, हाताने उघडायचं, आरशाच्या वर मधोमध एक लॅच, तो सोडायचा, मागे ढकलायचं, खट् करून बसतं, झालं. सिग्नल लाल असताना बसल्या जागी एका हाताने होतं. बंद करताना सीटच्या मागे हात नेऊन ओढायला लागतं, खांदा दुखत असेल तर तेवढं जड जाईल, बाकी काही नाही. मोटर नाही, हायड्रॉलिक नाही, म्हणजे बिघडायला काही नाही, दहा वर्षांनी पण असंच चालेल. मागची काच खरीखुरी काच आहे आणि तिला डिफॉगर आहे.

पण कापडी छप्पर पाळायला लागतं. ओलं असताना घडी घालून ठेवायचं नाही, बुरशी धरते आणि वास सुटतो, थोडा वेळ बंद ठेवून वाळू द्यायचं. प्रेशर वॉशर शिवणीवर मारायचा नाही. मऊ ब्रश, साधं पाणी, कापडाचा क्लीनर, आणि वर्षातून एक-दोनदा वॉटरप्रूफिंगचा स्प्रे. पाणी कापडावर मोत्यासारखं थांबायचं बंद होऊन आत मुरायला लागलं की स्प्रेची वेळ झाली असं समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्रेन. छपरावरून येणारं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांतून नळीने खाली जातं. झाडाखाली गाडी उभी राहिली की पानं, काटक्या, माती तिथे साठते, भोक तुंबतं, आणि मग पाणी आत कार्पेटखाली जातं जिथे ते दिसत नाही, नुसता दमट वास येतो आणि सकाळी काचा आतून धुक्याने भरलेल्या असतात. मी मोसमात एकदा छप्पर अर्धं उचलून टॉर्चने बघते, बोटाने कचरा काढते, मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी हळूच आत घालून मोकळं करते आणि वरून कपभर पाणी ओतून खाली चाकाजवळ टपटपतंय का बघते. धातूची तार घालायची नाही, नळी फाटते. सेकंडहँड बघताना पण हेच पाणी ओतून बघा, आणि सीटमागच्या कार्पेटवर तळहात दाबून ओलावा बघा.

आरएफ म्हणून मोटरवालं कडक छप्पर असलेलं व्हर्जन पण आहे, १३ सेकंदात उघडतं, वजन ४५ किलोच्या आसपास जास्त. बंद असताना ती थोडी शांत आहे आणि दिसायला अप्रतिम आहे यात वाद नाही. पण उघडल्यावर मागचा भाग तसाच राहतो, त्यात हवा घुमते, आणि आकाश अर्धंच मिळतं. गाडी रस्त्यावर उभी करायला लागत असेल, कोणी कापड फाडेल अशी भीती असेल, तर आरएफ घ्या. बाकीच्यांना कापडी.

आवाज हा हिचा खरा वीक पॉइंट. छप्पर बंद असताना हायवेला टायरचा, वाऱ्याचा, शेजारून जाणाऱ्या ट्रकचा, सगळा आवाज आत येतो. गाणी मोठी लावायला लागतात, फोनवर बोलणं होतं पण समोरच्याला "काय म्हणालीस?" दोनदा विचारावं लागतं. रोज शंभर किमी हायवे करणाऱ्याला मी ही गाडी सुचवणार नाही, संध्याकाळी कान आणि डोकं दोन्ही थकतात. शहरात आणि आतल्या रस्त्यांवर मात्र याचा अजिबात त्रास नाही. उघड्या छपराने हायवेला जायचं तर काचा वर ठेवा, सीटमागचा छोटा विंड डिफ्लेक्टर असू द्या, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि घरी आल्यावर कपाळ भाजलेलं असतं.

बसायला कशी, हा प्रश्न माणसागणिक वेगळा. मी पाच फूट तीन इंच, मला हातमोज्यासारखी बसते. माझा नवरा सहा फुटांच्या वर, त्याचं डोकं छपराला टेकत नाही पण गुडघा स्टिअरिंगखाली अडतो. २०१८ च्या अपडेटमध्ये स्टिअरिंग मागेपुढे व्हायला लागलं, त्याआधी नुसतं वरखाली व्हायचं, त्यामुळे उंच लोकांनी त्यानंतरचीच बघा. आत शिरताना आधी पाठ करून सीटवर बसायचं मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, असं केलं की कंबर वाचते. दारं लांब आहेत, अरुंद पार्किंगमध्ये शेजारी कोणी चिकटवून लावली की उतरता येत नाही, म्हणून मी खांबाच्या बाजूची जागा शोधते, जिथे ड्रायव्हरकडे मोकळं मिळेल. क्लच हलका आहे, ट्रॅफिकमध्ये पायाला त्रास नाही, टर्बो नसल्यामुळे कमी आरपीएमला पण गाडी लोण्यासारखी पुढे सरकते, धक्के देत नाही.

सामानाचं मात्र आधीच स्पष्ट करून घ्या. डिकी १३० लिटरची, खोल आहे पण तोंड छोटं, कडक सुटकेस आडवी जात नाही, मऊ बॅगा जातात. दोघांचं दोन दिवसांचं सामान व्यवस्थित बसतं, आठवड्याचा बाजार पण बसतो, मोठी सूटकेस एअरपोर्टला न्यायची तर शेजारच्या सीटवर बेल्ट लावून. ग्लोव्ह बॉक्स नाहीच. कागदपत्रं ठेवायला दोन सीटच्या मधे मागे एक कुलूपवाला कप्पा आहे, चालवताना तिथे हात नीट पोचत नाही. कप होल्डर कोपराच्या मागे येतात, ते काढून दुसरीकडे लावता येतात पण मग शेजारच्याचा गुडघा लागतो. फोन, चष्मा, पाकीट, पाण्याची बाटली, प्रत्येकाची जागा ठरवावी लागते. मला आता ते अंगवळणी पडलंय, पण ज्यांना गाडीत दहा वस्तू लागतात त्यांना नाकी नऊ येतील.

लोक विचारतात की एवढी छोटी गाडी, मोठ्या एसयूव्हींच्या मधे भीती नाही वाटत? वाटते, आणि वाटलीच पाहिजे. तुमचं डोकं ट्रकच्या चाकाच्या मध्याजवळ असतं, छप्पर बंद असताना मागचा कोपरा जवळजवळ आंधळा. ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही, एकतर पुढे किंवा मागे. लेन बदलताना समोरच्याने आपल्याला पाहिलंय असं गृहीत धरायचं नाही. दिवसा पण लाइट चालू. ब्लाइंड स्पॉट मॉनिटर ज्या व्हर्जनला येतो तोच घ्या, इथे पैसे वाचवू नका. रात्री मागच्या एसयूव्हीचे हेडलाइट बरोब्बर आरशाच्या उंचीला येतात, त्यामुळे आपोआप मंद होणारा आतला आरसा असेल तर डोळ्यांना खूप आराम पडतो.

पावसात मागची चाकं सरकतील या भीतीने काही जण गाडी काढतच नाहीत. चांगले टायर, प्रेशर बरोबर, डीएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) चालू, आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा तसा ॲक्सिलरेटर, एवढं पाळलं की काही होत नाही. गोल चौकातून ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये एकदम दाबलं तर मागची बाजू सरकेलच, तिथे तिसरा टाकून ठेवा.

मेंटेनन्समध्ये फार काही नाही. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, घाटात उतरताना पेडल मऊ पडतं ते यामुळेच. दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा. नाक खाली असल्यामुळे पुढच्या गाडीच्या चाकातले खडे थेट बंपरवर आणि बॉनेटवर येतात, निदान पुढच्या भागाला प्रोटेक्शन फिल्म लावून घ्या. आणि वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवताना शक्य तर स्वतः उभ्या राहा. खालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचांच्या मधली जागा असते, तिथेच आणि खाच असलेल्या रबरी पॅडवरच उचलायची. माझी एका वर्कशॉपने सरळ धातूच्या पॅडवर उचलली आणि ती कड वाकवली, वरचा रंग तडकला, मी तिथेच दाखवलं म्हणून सरळ करून रंग लावून दिला, घरी येऊन कळलं असतं तर कोणी मानलं नसतं. पेट्रोलला गाडी शहाणी आहे, १०० किमीला साधारण ७ लिटर असा कंपनीचा आकडा आहे आणि शांत चालवली तर तो मिळतो, टाकी ४५ लिटरची आहे.

अजून एक सुख म्हणजे ही गाडी १९८९ पासून चालू आहे, एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली, त्यामुळे हिच्या प्रत्येक खोडीवर आधीच कोणीतरी डोकं लावलेलं आहे. खडखड कुठून येते, कप होल्डरला पर्याय काय, उंच माणसासाठी सीट खाली कशी करायची, सगळ्याची उत्तरं तयार. दुर्मिळ स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना पार्टसाठी जी वाट बघायला लागते ती इथे सहसा नाही.

एकच गाडी ठेवायची असेल आणि कधीमधी मागे कोणाला बसवायचं असेल तर टोयोटाची जीआर८६ बघा, २.४ लिटर, २३४ पीएस, मागे नावापुरत्या का होईना सीट आहेत आणि त्या पाडल्या की चार चाकं मावतात, ट्रॅकवर जाणाऱ्यांना तर ते फारच सोयीचं. वजन मात्र दीड-दोनशे किलो जास्त आणि ते जाणवतं. लहान मुलं असतील, एकच गाडी असेल, तर सरळ हॉट हॅच घ्या. ट्रॅकवर एमएक्स-५ न्यायची असेल तर बऱ्याच ठिकाणी उघड्या गाडीला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, लागतो, आणि उंच ड्रायव्हरचं हेल्मेट बारच्या खाली राहतंय का हे आधी मोजायला लागतं.

१.५ की २.० हा प्रश्न राहिला. १.५ लिटर, १३१ पीएस, ते इंजिन फिरायला जास्त आतुर आहे आणि १६ इंचाच्या चाकांवर गाडी खराब रस्त्यावर जास्त मऊ चालते. फक्त शहर आणि आतले रस्ते असतील तर मी तीच घेईन. अधूनमधून हायवे, चढ, शेजारी कोणी बसलेलं, असा वापर असेल तर २.०, आणि लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा भाग) असलेलीच, ते प्रत्येक व्हर्जनला नसतं म्हणून विचारून घ्या. टेस्ट ड्राइव्हला छप्पर उघडून एक चक्कर मारून खुश होऊन परत येऊ नका, छप्पर बंद करून अर्धा तास हायवेवर चालवा, मग ऐन गर्दीच्या वेळी ऑफिसच्या रस्त्याने न्या, आणि तुमची रोजची बॅग डिकीत घालून बघा.